भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपसाठी अकाउंटिंग सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?

लेथवाला:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी आणि एक जुना लेथ, टर्नओव्हर कोटीच्या आतच. निम्मं काम जॉबवर्क, म्हणजे कंपनी धातूचे बार पाठवते आणि आपण ते लेथवर कातून (टर्निंग) परत द्यायचं, उरलेल्या कामात मटेरियल आपलंच. सध्या बिलं एक्सेलमध्ये, माल येता-जाता सोबत लागणारी चलनं हाताने बुकात, आणि महिनाअखेरीला सगळी फाईल सीएच्या ऑफिसात नेऊन टाकायची असं चाललंय. आता बायको म्हणतेय संध्याकाळी हिशोब मी बघते, तिला अकाउंटिंग येत नाही पण कॉम्प्युटर झकास येतो. टॅली घेऊ, व्यापार ॲप घेऊ का झोहो बुक्स? यूट्यूब बघून डोकं फिरलंय, प्रत्येकाचं आपलंच भारी.

सदाशिवपेठी:
टॅली घ्या. उद्या माणूस ठेवायची वेळ आली तर टॅली येणारा पुण्यात कुठेही मिळतो, बाकीचं शिकवत बसावं लागतं.

मार्केटयार्ड_सुकामेवा:
माझं मत वेगळं. मी व्यापार वापरतो, मोबाइलवर बिल केलं की तिथूनच गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर. २२ सप्टेंबर २०२५ ला बदाम-पिस्ते १२ टक्क्यांवरून ५ वर आले तेव्हा सगळ्या आयटमचे रेट एकदम बदलता आले, ऐन दिवाळीच्या तोंडावर एकेक आयटम उघडत बसलो असतो तर मेलोच असतो. पण आमचा धंदा माल द्या पैसे घ्या असा आहे, तुमच्या त्या बार आणि चलनांचं मला काही कळत नाही, तेवढं बघून घ्या.

अनघा_टॅक्स:
तेच तर बघायचंय. बिल काय, कुठलंही सॉफ्टवेअर करतं. लेथवाले दादा, तुमच्याकडे कंपनीचं मटेरियल पडलेलं असतं ते खरं दुखणं आहे. तो स्टॉक तुमचा नाही, तुमच्या क्लोजिंग स्टॉकच्या, म्हणजे वर्षअखेरच्या शिल्लक मालाच्या, किमतीत तो येता कामा नये, पण किती किलो आला, किती पीस गेले, स्क्रॅप किती निघालं हे चलनागणिक सापडलं पाहिजे. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला माल एका वर्षात परत गेला नाही तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि टॅक्स कंपनीच्या गळ्यात पडतो, वर जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा आयटीसी-०४ हा फॉर्म पण तिलाच भरायचा असतो, म्हणून त्यांचा स्टोअरवाला जुन्या चलनांसाठी तुमच्या मागे लागणारच. टॅलीत यासाठी मटेरियल इन आणि मटेरियल आउट अशी वेगळी व्हाउचर (नोंदीचे प्रकार) आहेत, फक्त जॉब ऑर्डर प्रोसेसिंग आधी चालू करावं लागतं, नाहीतर ती दिसतच नाहीत. बाकीच्यांचा डेमो घेताना एकच काम सांगा, १०० किलोचं चलन आलं, माल तीन खेपांत परत गेला, शिल्लक दाखवा. जो "ते नंतर बघू सर" म्हणेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि बिलावर उद्यम नंबर, म्हणजे छोट्या उद्योगाचा सरकारी नोंदणी नंबर, छापून येतो का बघा. मायक्रो-स्मॉल उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, आणि ३१ मार्चपर्यंतही दिले नाहीत, तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम ४३बी(एच) म्हणतात ते. मार्च जवळ आला की वसुलीला फार उपयोगी पडतं, तेव्हा कुठलं बिल किती दिवसांचं झालंय हा रिपोर्ट हवाच.

लेथवाला:
ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं! पण टॅलीला वीस हजारांच्या वर खर्च आहे ना, शेजारच्या गाळ्यातला एक जण म्हणतोय फुकट टाकून देतो.

सदाशिवपेठी:
फुकटातलं क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, असतं हो. अपडेट मिळत नाहीत, जीएसटीचा नियम बदलला की तुम्ही तिथेच, आणि डेटा बसला तर तक्रार कुणाकडे करणार?

अनघा_टॅक्स:
+१. एकाच कॉम्प्युटरवर काम असेल तर टॅलीचं सिल्व्हर लायसन्स पुरे, अनेक कॉम्प्युटरांसाठीचं गोल्ड कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. झोहोत एक सोय मात्र खरंच चांगली, सगळं ऑनलाइन असल्यामुळे सीए त्यांच्या ऑफिसातून लॉगिन करून बघू शकतात, फाईल न्यायची कटकट नाही. तुमच्या सीएंना विचारा त्यांना काय चालतं, रिटर्न शेवटी तेच भरणार. आणि टॅली घेतलंत तर बॅकअप त्याच कॉम्प्युटरवर ठेवू नका म्हणजे झालं.

लेथवाला:
गुरुवारी सुट्टी आहे, बायकोलाच डेमोला बसवतो, वापरणार तीच. एक शेवटचं, आत्ता मधेच सुरू करू का एप्रिलपर्यंत थांबू?

अनघा_टॅक्स:
एप्रिलपासून सोपं जातं, ओपनिंग बॅलन्स, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लक रकमा, सीएंकडून तयार मिळतात. तोपर्यंत वहिनींना सॉफ्टवेअरमध्ये सरावापुरती डमी कंपनी उघडून खऱ्याच चलनांवर हात बसवू दे. फक्त ३१ मार्चला शॉपमध्ये पडलेले सगळे बार कंपनीवार मोजा आणि त्या आकड्यावर त्या त्या कंपनीच्या स्टोअरची सही-शिक्का घ्या, मगच सॉफ्टवेअरमध्ये टाका.