मदत हवी आहे : कटरची तार लाल होते, सेल चटके देतात

घाईत
थर्माकोल कापायला नायक्रोम तारेचा (करंट दिला की तापणारी तार) कटर केलाय. दोन 18650 लिथियम सेल, 28 गेजची (गेज म्हणजे जाडीचा नंबर) तार. तार लालभडक होते, कट काळा पडतो, मिनिटभरात सेलला हात लाववत नाही. गणित बरोबर आहे, तारेचा रोध 1.6 ओहम. रविवारपर्यंत हवाय. 'तयार विकत घ्या' सांगणाऱ्यांनी कृपया पुढे जावे.

ओहमपुरुष
सेल सिरीजमध्ये की पॅरललमध्ये? तार किती लांब? सेल नवे की लॅपटॉपमधून काढलेले? आणि 1.6 मोजलेत की कागदावरचे?

घाईत
सिरीज. 12 सेंमी. लॅपटॉपचे, 2200 एमएएचचे. वेपवाल्यांच्या (ई-सिगारेटवाल्यांच्या) कॅल्क्युलेटरवर काढलंय, गेज आणि लांबी टाकली की झालं.

मखरकर
थर्माकोलच्या मखरावर राज्यात 2018 पासून बंदी आहे. पाच प्लायचा पुठ्ठा घ्या, रेषेवर सुरीने अर्धाच कापा, मस्त दुमडतो.

घाईत
मखर कोण म्हणालं? आरसी (रिमोटच्या) विमानाचे पंख कापायचेत, एक्सपीएसचे, म्हणजे दाट थर्माकोलसारख्या फोमचे.

काटेकोर
वेपच्या साइटी कशाला? ई-सिगारेट 2019 च्या कायद्याने बंद आहे.

ओहमपुरुष
कॅल्क्युलेटरवर बंदी नाही हो. पण घोळ तिथेच आहे. ती कॅल्क्युलेटरं अमेरिकन गेज धरतात : 28 म्हणजे 0.32 मिमी, मीटरला साधारण 13.5 ओहम. आपल्याकडे दुकानात बहुधा एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) मिळते : 28 म्हणजे 0.376 मिमी, मीटरला 9.8. व्हर्नियर लावून बघा. म्हणजे तुमच्या 12 सेंमीचे 1.2 ओहमच. सेल पूर्ण चार्ज असताना 8.4 व्होल्टला 7 अँपिअर, जवळपास 60 वॅट! लॅपटॉपचा 2200 चा सेल 2सी ने (क्षमतेच्या दुप्पट करंट) धरला तरी 4.4 अँपिअरचा. चटके देणारच.
मोजताना आधी मल्टीमीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावा. जे 0.2-0.3 दिसेल ते वजा करा, नाहीतर इतक्या लहान आकड्यात चूक मोठी होते.

पल्सवाला
एवढं कशाला? मॉस्फेटवाला पीडब्ल्यूएम बोर्ड (करंट भराभर चालू-बंद करणारा) लावा, 40 टक्के वेळ चालू ठेवा. वाद मिटला.

ओहमपुरुष
मिटत नाही. पीडब्ल्यूएमने सरासरी उतरते, प्रत्येक पल्सला सेलमधून 7 अँपिअरच ओढले जातात. प्रोटेक्शन बोर्ड (जास्त करंट ओढला की सेल तोडणारा) असेल तर तो त्या पल्सवरच ट्रिप होऊ शकतो.

पल्सवाला
सेल तापणं आरएमएसवर (उष्णतेच्या हिशोबाने धरलेला करंट) ठरतं, पीकवर नाही.

ओहमपुरुष
मान्य. 40 टक्क्यांना आरएमएस 4.4 येतो, तोही मर्यादेला टेकलेलाच. आधी तार नीट करा, मग पीडब्ल्यूएमने खुशाल बारीक-मोठं करा.

भंगारवाला
पंख्याचा डिमर आणि सरळ घरातली लाइन. काम झालं.

ओहमपुरुष
उघड्या तारेवर 230 व्होल्ट? असले सल्ले देऊ नका. बॅटरी नकोच असेल तर 12 व्होल्टचा 5 अँपिअरचा अ‍ॅडाप्टर आणि याच तारेची 60 सेंमीची धनुकली. सहा ओहम, दोन अँपिअर.
घाईत, तुमच्यासाठी : एकच सेल, 20 सेंमी तार. दोन ओहम, चार्ज सेलवर 2.1 अँपिअर, तार लाल न होता कापते. लाल दिसली तर जास्तच झालं. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, टोकं पितळी कनेक्टरच्या स्क्रूखाली दाबा. तापली की तार लांबते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग. पंख कापताना खिडकी उघडी ठेवा.

घाईत
बरं. चार्जिंगचं टीपी4056 मॉड्यूलपण कालपासून मेलंय, ते का? दोन्ही सेल जोडलेलेच ठेवून लावलं होतं.

काटेकोर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! ती चिप एका सेलची, 4.2 व्होल्टची. सिरीजचे आठ व्होल्ट दिलेत, चिप गेली. दोन्ही सेल सुटे करून व्होल्टेज मोजा. 2.5 व्होल्टच्या खाली गेलेला सेल चार्ज न करता बाद करा. आणि वेष्टन बघा : 18650 चा सगळा डबा निगेटिव्ह असतो, वरच्या कडेला पॉझिटिव्ह टोपी आणि डबा यांच्यात फक्त ती कागदी रिंग आणि प्लास्टिकचं साल. तिथे टोकभर फाटलं असेल तरी नवं वेष्टन चढवा. नवीन मॉड्यूल प्रोटेक्शनवालं घ्या, तार आउटपुटच्या पॅडला जोडा, सेलच्या नाही. तीन अँपिअरच्या आसपास ते बंद पडतं, म्हणून 20 सेंमीहून आखूड तार नकोच.

मखरकर
एक्सपीएसवर फेविकॉल चालतो का?