लांब उडी: दोघंही ८.०८, मग रौप्य कसं?

दादर_वेस्ट
बर्मिंगहॅम २०२२, राष्ट्रकुलची फायनल. आपला मुरली श्रीशंकर ८.०८ मीटर, बहामासचा लॅक्वान नेर्नही ८.०८, आणि सुवर्ण नेर्नला. नेर्नच्या उडीला वारा उणे ०.१ (सेकंदाला मीटर, उणे म्हणजे समोरून) होता, श्रीशंकरला अधिक १.५ (म्हणजे पाठीशी). वाऱ्यामुळे गेलं का? आणि उंच उडीसारखं सुवर्ण वाटून का दिलं नाही? शाळेतली पोरं विचारतायत. त्यांच्या सरावात यातलं काय घेता येईल तेही सांगा.

पिट_पंच
वाऱ्याचा संबंध नाही. सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा पाठीशी असला तर विक्रम धरत नाहीत, स्पर्धेतला क्रम मात्र तसाच राहतो. १९९१ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत कार्ल लुईस ८.९१ गेला, वारा २.९. तरी ती उडी क्रमासाठी धरलीच. मग माइक पॉवेलने ०.३ वाऱ्यात ८.९५ मारली. तो जागतिक विक्रम अजून उभा आहे.

बरोबरी झाली की दुसरी सर्वोत्तम उडी बघतात. नेर्न ७.९८, श्रीशंकर ७.८४. विषय संपला. तीही सारखी असली तर तिसरी, असं खाली खाली. टोकियो ऑलिम्पिकमध्येही तेच: ग्रीसचा टेंटोग्लू आणि क्युबाचा एचेवारिया दोघंही ८.४१, पण दुसऱ्या उडीत ८.१५ विरुद्ध ८.०९, म्हणून टेंटोग्लूला सुवर्ण. उंच उडीत बरोबरी सोडवायला जंप-ऑफ (जादा उड्यांची फेरी) असतो, तो दोघांनी नको म्हटला की सुवर्ण वाटून मिळतं. लांब उडीत जंप-ऑफच नाही.

चेकमार्क
पोरांसाठी खरी मेख बोर्डावर (उडी घ्यायच्या फळीवर) आहे. माप पायाच्या टोकापासून नाही, टेक-ऑफ रेषेपासून, म्हणजे बोर्डाच्या खड्ड्याकडच्या कडेपासून धरतात. बोर्ड २० सेंटीमीटर रुंद. टोक रेषेच्या ८ सेंटीमीटर मागे पडलं तर ८.१६ ची उडी कागदावर ८.०८ लागते. आणि पुढे गेलं की फाउल, उडी बाद. नोव्हेंबर २०२१ पासून नियम कडक झाला. आधी रेषेपुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ लगद्याच्या पट्टीवर) खूण उमटली की फाउल, आता उडताना बुटाचं टोक रेषेच्या उभ्या पातळीपलीकडे गेलं तरी फाउल. त्या फायनलमधली श्रीशंकरची चौथी उडी फाउलच गेली होती.

शाळकरी पोरांना १२ ते १४ पावलांचा रनअप पुरे. बोर्डाच्या ६ पावलं आधी, धावमार्गाच्या बाजूला टेपची एक खूण लावा (खडूची नको) आणि तिथे स्वतः उभे राहा. खुणेवर पाय चुकला तर सुरुवातीची जागा हलवायची: सलग तीन धावांत २० सेंटीमीटर पुढे जातोय तर सुरुवात २० सेंटीमीटर मागे. खुणेवर बरोबर आणि बोर्डावर चूक, तर जागा हलवून काही होत नाही. पोरगं बोर्डाकडे बघत पावलं तोडतंय किंवा ताणतंय. नजर खड्ड्याच्या पलीकडे ठेवायला सांगा. शेवटून दुसरं पाऊल जरा लांब, शेवटचं आखूड.

मुंबईत आणखी एक भानगड. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो. प्रियदर्शिनी पार्क तर पाण्याला लागूनच. सकाळी घेतलेली खूण दुपारी चालत नाही. वारा पाठीशी असेल तर पावलं लांबतात, सुरुवात अर्धा ते एक फूट मागे घ्या, समोरून असेल तर तेवढीच पुढे.

वाळू_सपाट_करा
उतरताना जे अंतर वाया जातं त्याकडेही बघा. माप बोर्डाच्या सर्वात जवळच्या खुणेपर्यंत, मग ती टाचेची असो, कुल्ल्याची असो की मागे टेकलेल्या हाताची. टाच वाळूत लागली की गुडघे सोडून बाजूला किंवा पुढे पडायचं. उठल्यावर खड्ड्यातून मागे चालत यायचं नाही. बाहेर ठेवलेलं पहिलं पाऊल उडीच्या खुणेपेक्षा बोर्डाजवळ पडलं तर फाउल, आणि लहान पोरं हे हमखास करतात. पावसाळ्यानंतर वाळू दगड होते, आधी फावड्याने खोदून भुसभुशीत करा, मग बोर्डाच्या पातळीला आणा.

दादर_वेस्ट
म्हणजे पहिली उडी जपून मारायला सांगू का?

चेकमार्क
वेग कमी करून नको, संथ धाव घेतली की पावलंच बदलतात. पूर्ण वेगाने, फक्त सुरुवात १० सेंटीमीटर मागे घेऊन. आठपेक्षा जास्त खेळाडू असले तर सहसा पहिल्या तीन उड्यांवर आठच जण पुढे जातात. तीन फाउल म्हणजे घरी. एकदा आकडा लागला की नेहमीच्या खुणेवर या. आणि चांगली उडी पडली म्हणून उरलेल्या उड्या सोडू देऊ नका. ७.९८ तिथेच कामाला येतो.