मदत हवी आहे: ग्रँटच्या अर्जात पगार दाखवावा का?

नमस्कार मंडळी, आम्ही काहीजण मिळून मुलांसाठी छोटी लायब्ररी चालवतो आणि आता इथल्याच एका फाउंडेशनकडे पहिल्यांदा ग्रँटचा अर्ज करतोय. पुस्तकं, कपाटं याचं बजेट झालंय, अडलंय ते पगारावर. रोज संध्याकाळी थांबणाऱ्या ताईंना मानधन द्यायलाच हवं, त्यांच्याशिवाय पुस्तकं नुसती कपाटातच राहतील हो! पण एकजण म्हणतो की पगार दाखवला की अर्ज बाजूला पडतो, तो वस्तूंच्या खर्चात मिसळून टाक. मला हे अजिबात पटत नाही, नंतर खर्चाचा हिशोब आणि बिलं द्यायची असतात तेव्हा काय सांगणार?

थोडं वाचलं तर कळलं की 1914 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला पहिलं कम्युनिटी फाउंडेशन (म्हणजे एका भागातल्या लोकांच्या देणग्या जमवून तिथल्याच कामांना मदत देणारी संस्था) निघालं तेव्हापासून पद्धत अशी की देणग्यांचा कायमचा फंड करायचा आणि मुख्यतः त्याच्या उत्पन्नातून ग्रँट द्यायची, म्हणजे दरवर्षी वाटायला पैसे मोजकेच असणार.

तर ज्यांनी असे अर्ज केलेत किंवा तपासलेत त्यांनी प्लीज सांगा, मानधन वेगळं लिहून कारण दिलं तर चालतं का? आणि अर्जाआधी फाउंडेशनला फोन करून विचारलेलं बरं दिसतं ना?