गरीब मतदार, स्थलांतर आणि मतदानाचा खर्च

जिज्ञासू (प्रश्न)

पाश्चात्त्य लोकशाही देशांविषयी जे वाचनात येते, त्यानुसार उत्पन्न आणि शिक्षण वाढते तसे मतदानही वाढते; अमेरिकेत तर सधन वर्ग गरिबांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मतदान करतो. आपल्याकडे मात्र चित्र उलटे दिसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत जेमतेम ५० टक्के मतदान झाले, तर गडचिरोली-चिमूरमध्ये, जिथे अनेक केंद्रांवर सुरक्षेच्या कारणास्तव मतदान दुपारी ३ वाजताच संपवले गेले, ते जवळपास ७२ टक्के झाले. माझ्या परिचयातील काही मंडळी याचे उत्तर एका वाक्यात देतात : गरीब माणूस पैसे घेऊन मत देतो. मला ते पटत नाही. खरे कारण काय असावे? आणि केवळ गरिबीमुळे ज्याचे मतदान हुकते, असा वर्ग आपल्याकडे आहे का?

पारावरचा

पैशांचे वाटप होते हे कोणीच नाकारणार नाही, पण ते अनेकदा एकाहून अधिक उमेदवारांकडून होते आणि मतदान गुप्त असते. त्यामुळे पैसे घेणारा सांगितलेल्या चिन्हासमोरचेच बटण दाबतो, असे गृहीत धरता येत नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, गरिबाच्या रोजच्या जगण्यात सरकार पदोपदी आडवे येते. शिधापत्रिका, घरकुल, रोजगार हमीची मजुरी, वनहक्काचा दावा, जातीचा दाखला यांपैकी प्रत्येक कामासाठी त्याला कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते, आणि ज्याचे मत मोजले जाते त्याला त्या दारात निदान विचारले तरी जाते. सधन माणूस शाळा, दवाखाना, पाणी, सुरक्षा हे सारे विकत घेऊ शकतो. त्याचे मतावाचून फारसे अडत नाही.

शिवाय हा हक्क किती उशिरा मिळाला, हेही विसरता कामा नये. ब्रिटिश काळात मताधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींवर होता, आणि डॉ. आंबेडकर त्याच काळात, १९२८ साली सायमन आयोगापुढे, प्रौढ मताधिकाराची मागणी करत होते. १९९० च्या दशकात दलित, मागास आणि गरीब मतदारांचा सहभाग लक्षणीय वाढल्याचे सीएसडीएस या दिल्लीतील संशोधन संस्थेच्या पाहण्यांतून दिसले. राजकीय अभ्यासक योगेंद्र यादव यांचे त्यावरील विश्लेषण आजही वाचण्यासारखे आहे.

बालाघाटकर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी बीड जिल्ह्यातून देतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावे रिकामी होतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली ऊसतोड मजुरांची जोडपी, म्हणजे एकेक कोयता, ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. लोकसभेचे मतदान आमच्याकडे १३ मे २०२४ रोजी होते; माणसे गावी आली होती आणि सुमारे ७१ टक्के मतदान झाले. विधानसभेचे मतदान मात्र २० नोव्हेंबरला आले, आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचा निर्णय त्याआधीच झालेला होता. उसाच्या फडात उतरलेल्या माणसाने परत यायचे म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि वर खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचा, दंड. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, तेव्हा एका खाड्यामागे ५०० रुपये कापले जातात, हे वृत्तपत्रांतून सर्वांसमोर आले होते.

तरीही आमच्याकडील टक्केवारी फारशी खाली का जात नाही, याचे उत्तर रात्री मजुरांच्या कोप्यांसमोर (झोपड्यांसमोर) येऊन थांबणाऱ्या जीपमध्ये आहे. गाडी उमेदवाराची माणसे पाठवतात, वाटेत जेवण होते, सकाळी शाळेतल्या केंद्रावर रांग लावून शाई लावून घेतली जाते, आणि दुपारी तीच गाडी माणसांना पुन्हा फडावर सोडते. ज्या वस्तीवर कोणाचाच डोळा नसतो, तिथे गाडी जात नाही आणि तिथले मतही पडत नाही. गरीब मतदान करतो, पण त्याच्या मतदानाचा खर्च कोणीतरी दुसरा उचलतो, आणि जो उचलतो त्याचे ओझे पुढची पाच वर्षे डोक्यावर राहते. मला यातली खरी वेदना इथे वाटते.

कलमकार

बालाघाटकर यांनी वर्णन केलेली गाडी कायद्याने निषिद्ध आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(५) नुसार मतदारांना केंद्रावर मोफत ने-आण करण्यासाठी उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने इतर कोणी वाहन पुरवणे हा भ्रष्टाचार ठरतो. त्याच अधिनियमाचे कलम १३५ब मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देते, आणि ती रोजंदारीवरील मजुरालाही लागू आहे. मात्र सुटी नाकारणाऱ्या मालकाला दंड आहे कमाल ५०० रुपये. म्हणजे मजुराच्या एका खाड्याची किंमत आणि मालकाच्या गुन्ह्याचा कमाल दंड सारखाच. त्यात टनावर मजुरी घेणाऱ्या तोडणी कामगाराचा मालक नेमका कोण, कारखाना की मुकादम, हेच ठरवणे कठीण.

मतदारापर्यंत मतपेटी नेणे अशक्य आहे, असेही नाही. विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे विशेष मतदान केंद्रे असतात, आणि ८५ वर्षांवरील नागरिकांचे मत घरी जाऊन घेतले जाते. स्थलांतरित मजुरांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ७२ मतदारसंघ हाताळू शकणाऱ्या दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा केली. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांच्या बैठकीत विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि विषय तिथेच राहिला. त्यांच्या काही शंका रास्त होत्या. परक्या गावात प्रचार, आचारसंहिता आणि मतदान प्रतिनिधी यांची व्यवस्था कशी लावायची, हा प्रश्न खराच आहे.

जिज्ञासू

सर्वांचे आभार. मग या मजुरांनी कारखान्याच्या ठिकाणीच नाव का नोंदवू नये?

बालाघाटकर

कारण कारखाना बदलतो, गाव बदलत नाही. यंदा सांगली, तर पुढच्या साली बेळगाव. नाव तिकडे नेले की गावच्या यादीतून ते जाते, आणि मग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत घरकुलाच्या यादीवर बोलणाऱ्या माणसाला मतच उरत नाही. तात्पुरते बाहेर गेल्याने कोणी गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे, आणि ते योग्यच आहे. हंगामाच्या तारखा सरकारच ठरवते, तोडणी मजूर कोणत्या कारखान्यावर आहेत हे कारखान्यांना ठाऊक असते. तेव्हा हंगाम मतदानानंतर सुरू करणे, किंवा एसटीच्या गाड्या सरकारी खर्चाने सोडून त्या दिवसाची मजुरी कारखान्याकडून देववणे, यासाठी नव्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.