टाकी रिकामी केली म्हणजे झालं असं नाही

वर कुणीतरी लिहिलंय की पाण्याची टाकी रिकामी केली की मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, हिवाळाभर निर्धास्त उभी करता येते. टाकीचं ठीक आहे हो, पण फुटतं ते भलतीकडेच. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे पंपाच्या गाळणीत, नळाच्या आत किंवा कमोडच्या फ्लश व्हॉल्व्हमध्ये अडकलेलं घोटभर पाणीही प्लास्टिक चिरायला पुरतं. बाहेरचा शॉवर तर हमखास विसरला जातो. त्याचे गरम-थंड दोन्ही नळ उघडून पाइप खाली लोंबू द्या.

पाइपांतलं उरलेलं पाणी काढायला कॉम्प्रेसरने हवा मारणार असाल तर दाब ३०-४० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) वर नेऊ नका. पाइपांत अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) घालायचं तर आधी गीझर गार होऊ द्या, रिकामा करा, मग बायपास करा, म्हणजे द्रव गीझरमध्ये न जाता बाहेरून पुढे जाईल. नाहीतर लिटरच्या लिटर त्यातच जातं. प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच घ्या. इंजिनातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या पाइपांत अजिबात नको. सिंकखालच्या पाइपाच्या वळणातही कपभर अँटिफ्रीझ ओता, तिथलं पाणी हवेने निघत नाही.

गाडीत राहणारच असाल तर सिंकखालची कपाटं रात्री उघडी ठेवा, आतली ऊब पाइपांपर्यंत पोचते. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह मात्र बंदच हवा. तो उघडा ठेवून थेंब थेंब गळत राहिलं की बाहेरच्या होजमध्ये बर्फाचं बूच बसतं. पाइप गोठू नयेत म्हणून नळाची बारीक धार चालू ठेवा, असाही सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो म्हणूनच मला पटत नाही. आणि व्हॉल्व्ह बंद असेल तर सकाळपर्यंत सांडपाण्याची टाकी भरते.