प्रति: प्रायमरीला कशाला जायचं?

‘नोव्हेंबरात मत देतोच की, मग जूनमध्ये प्रायमरीला कशाला जायचं?’ असं वर कुणीतरी विचारलंय. प्रायमरी म्हणजे अमेरिकेत नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. न्यूयॉर्कचा क्वीन्स-ब्रॉन्क्समधला १४वा मतदारसंघ बघा. तिथे नोव्हेंबरात डेमोक्रॅट उमेदवार पडणं जवळजवळ अशक्यच, म्हणजे खरी निवड जूनमध्येच उरकते. १९९९पासून खासदार असलेले, पक्षातलं बडं प्रस्थ जो क्राउली २०१८च्या प्रायमरीत अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझकडून हरले. वस्ती सुमारे सात लाख, मतं पडली जेमतेम तीस हजार, फरक चारेक हजारांचा!

आणि हो, न्यूयॉर्कात प्रायमरीला त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदारच चालतात. अमेरिकेचे सिटिझन झाल्यावर मतदार-नोंदणीच्या फॉर्मवरचा पक्षाचा रकाना कोरा सोडणारे आपल्यातही असतीलच (‘कशाला शिक्का मारून घ्यायचा?’). त्यांना जूनमध्ये घरीच बसावं लागतं.