जाहिरातीतल्या गाण्याखाली गायकाचं नाव का नको?

सायली_सूर (धागाकर्ती):
गेले आठ दिवस एका जाहिरातीतल्या दोन ओळी डोक्यातून जात नाहीयेत. बाईंचा आवाज जरा घोगरा, शेवटच्या शब्दावर किंचित थरथरणारा. काल टीव्हीसमोर फोन धरून उभी राहिले, गाणं ओळखणारं ॲप तीनदा लावलं. दरवेळी निवेदक मध्येच बोलायला लागतो आणि ॲप हात टेकतं. सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचंही नाव येतं, मग इथे गाणाऱ्याचं का नको? कोपऱ्यात एक ओळ पुरे. माझ्या मते हे सक्तीचंच करायला हवं.

रोहन_क:
अजिबात पटलं नाही. अटी-शर्तींची बारीक अक्षरंही कुणी वाचत नाही, त्यात तुमची ओळ कोण वाचणार? ते वीस-तीस सेकंद माल विकण्यासाठी घेतलेले असतात. शिवाय ज्याला खरंच आवडतं तो शोधून काढतोच. निक ड्रेक हा इंग्लिश गायक १९७४ मध्ये अवघ्या २६व्या वर्षी गेला, हयातीत त्याच्या रेकॉर्ड फारशा खपल्याच नाहीत. १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत त्याचं ‘पिंक मून’ वाजलं आणि लोक त्याचे अल्बम विकत घ्यायला लागले.

तानपुरा_७:
रोहन, ते गाणं १९७२ पासून त्याच्याच नावाने रेकॉर्डवर होतं, म्हणून सापडलं. ॲपला सूर कळत नाही. ते आवाजातल्या ठळक बिंदूंचा नकाशा करून साठवलेल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून बघतं. नेमकं तेच मुद्रण साठ्यात नसेल तर संपलं. जाहिरातीपुरतं गाऊन घेतलेलं गाणं त्या साठ्यात येणार कुठून? टायटन घड्याळाची धून मोझार्टच्या २५व्या सिंफनीतली आहे, हे कुणीही सांगेल. पण आपण ऐकतो ते वाजवलं कुणी?

मीरा_वाचते:
याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बेट मिडलर या अमेरिकन गायिकेचं. फोर्डच्या जाहिरातीसाठी तिने गायला नकार दिला. मग एजन्सीने उला हेडविगला गाठलं. ही मिडलरच्याच मागे कोरसमध्ये गायलेली. तिला सांगण्यात आलं, होता होईल तेवढं मिडलरसारखं गा. ऐकणाऱ्यांना ती मिडलरच वाटली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने म्हटलं, नामवंत गायिकेचा ओळखीचा आवाज माल विकायला मुद्दाम नकलून वापरता येणार नाही. मिडलरला न्याय मिळाला, छानच झालं. मला मात्र हेडविगबद्दल वाईट वाटतं. गायली ती आणि लोकांनी नाव घेतलं दुसरीचं.

रोहन_क:
तो खटला नकलेचा होता, श्रेयनामावलीचा नव्हे. दोन्हींची गल्लत नको. ठरलेले पैसे घेऊन, सही करून गायल्यावर नावाचा हक्क कुठून आला? पोस्टर रंगवणाऱ्याचंही नाव नसतं.

सायली_सूर:
नसतं, आणि तेही चूकच आहे! बरं, पडद्यावर जागा नाही म्हणता, तेवढं मान्य करते. पण हीच जाहिरात कंपनी स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकते. तिथे खाली वर्णनात लिहायला सेकंदही लागत नाही आणि पैसाही लागत नाही. तिथे काय अडतं?

रोहन_क:
वर्णनात लिहायला माझी हरकत नाही. सक्तीला आहे.

खालचा_षड्ज:
मी अशा जाहिराती गाते, म्हणून लिहितेय. आदल्या रात्री मेसेज येतो. स्टुडिओत गेल्यावर शब्दांचा कागद हातात पडतो. ‘जरा हसून गा’, ‘आता कमी हसून’ असं करत तीस-चाळीस टेक होतात. रोहन, सही केली हे खरं, पण त्या कागदात नावाचा रकानाच नव्हता, मग मी सोडलं काय? नाव नसल्याचा तोटा नुसता मानाचा नाही. पुढचं काम मागायला गेले की विचारतात, आधी काय गायलात? मी जाहिरात सांगते. समोरचा म्हणतो, ती तुम्ही कशावरून? एकदा तर मला तिथेच उभं राहून त्या दोन ओळी गाऊन दाखवाव्या लागल्या.